पॅलेस्टिनी मुलांच्या शाळेसाठी नाशिकमधून पैसे द्यायचेत? मग आधी शिक्षकांच्या पगाराचं बघा

ओळखीतले बरेच जण हल्ली हेच विचारतात, की गाझातल्या मुलांच्या शिक्षणासाठी काहीतरी द्यायचंय पण द्यायचं कुठे, बँक अडवेल का, उद्या इन्कम टॅक्सवाले विचारतील का, आणि पैसे खरंच शाळेपर्यंत जातात का मधेच कुठे गडप होतात. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, दप्तर, वह्या, रंगपेट्या हे डोक्यातून काढून टाका. फोटो छान येतो हे खरं, पण शाळा बंद पडते ती वह्या नाहीत म्हणून नाही, शिक्षकाचा पगार थकला म्हणून. आपल्याकडे विनाअनुदानित शाळांचं जे होतं तेच, अनुदानाचा वीस टक्के टप्पा, चाळीस टक्के टप्पा करत गुरुजी वर्षानुवर्षं आझाद मैदानात बसतात आणि घर चालवायला संध्याकाळी दुसरं काम धरतात. तिकडे फरक एवढाच की वर छप्पर पण राहिलेलं नाही.

आता पैसे येतात कुठून ते समजून घ्या, नाहीतर कुणाला द्यायचं ते ठरणारच नाही. पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी संयुक्त राष्ट्रांची वेगळी संस्था आहे, यूएनआरडब्ल्यूए, सगळे उनर्वाच म्हणतात. डिसेंबर १९४९ च्या ठरावाने स्थापना झाली आणि मे १९५० पासून काम सुरू. गाझा, वेस्ट बँक, जॉर्डन, लेबनॉन, सीरिया अशा पाच ठिकाणी ऑक्टोबर २०२३ च्या युद्धाआधी त्यांच्या सातशेच्या आसपास शाळा होत्या आणि पाच लाखांवर मुलं, त्यातली तीन लाखांच्या आसपास एकट्या गाझात, बऱ्याच शाळा सकाळ-दुपार दोन शिफ्टमध्ये. संस्थेच्या नेहमीच्या बजेटमधला निम्म्याहून जास्त पैसा शिक्षणावर जातो आणि त्यातला मोठा भाग पगार. गोची अशी की हा जवळपास सगळा पैसा देशांनी आपल्या मनाने दिलेला, सक्ती कुणावर नाही. त्यामुळे एका मोठ्या देशाने हात आखडला की लगेच सप्टेंबरला शाळा उघडणार का नाही हा प्रश्न येतो. २०१८ ला अमेरिकेने पैसे तोडले तेव्हा हेच झालं होतं. जानेवारी २०२४ मध्ये परत, अमेरिकेसकट डझनभराहून जास्त देशांनी निधी थांबवला, बाकीचे हळूहळू परत आले, अमेरिका नाही आली, आणि ती वर्षाला ३० कोटी डॉलरच्या वर द्यायची म्हणजे खड्डा केवढा ते बघा.

वेस्ट बँकमधल्या सरकारी शाळांचं दुखणं वेगळंच आहे. १९९४ च्या पॅरिस करारानुसार तिथल्या आयातीवरचा कर इस्रायल गोळा करतं आणि मग पॅलेस्टिनी प्राधिकरणाला (म्हणजे तिथल्या पॅलेस्टिनी सरकारला) देतं, त्यात कपात आधीपासून होतीच, ऑक्टोबर २०२३ नंतर फारच वाढली. तिथल्या सरकारी शिक्षकांना २०२१ च्या शेवटापासून पूर्ण पगार मिळालेला नाही, आणि मग शाळा आठवड्यातले काही दिवसच भरतात. तुमचे-माझे दोन हजार रुपये या सरकारी शाळांच्या पगारात सरळ घालायचा काही मार्ग नाही हो, तो देशादेशांतला मामला आहे, त्यावर शेवटी बोलतो. आपल्या हातात उरतं उनर्वा, युनिसेफ आणि नोंदणीकृत मोठ्या संस्था.

पार्सल तर अजिबात नको. २ मार्च २०२५ पासून कितीतरी आठवडे गाझात कुठलीच मदत आत जाऊ दिली नव्हती, नंतर थोडं सुरू झालं तरी उनर्वाचा माल बाहेर गोदामांमध्ये पडून. खुद्द यूएनची ही गत, तर नाशिकरोडच्या पोस्टातून गेलेल्या कंपासपेट्या कुठे पोचणार! उनर्वाचे शिक्षक मात्र आतच आहेत, ते स्वतः पण निर्वासितच, तंबूत नाहीतर पडक्या वर्गात मुलांना बसवून शिकवतात, मोबाईलवरून धडे देतात. पगार ही एकच गोष्ट आहे जी ट्रकवर लादावी लागत नाही, म्हणून मी एवढा त्याच्या मागे लागलोय.

इन्स्टावर जे क्यूआर कोड येतात, लहान मुलीचा फोटो आणि खाली "शाळेसाठी मदत करा", त्यातले काही खरे असतीलही. पण तपासणार कसं? क्राउडफंडिंगच्या मोठ्या साईटवर गाझातल्या माणसाला स्वतःच्या नावाने पैसे काढता येत नाहीत, म्हणून मोहीम कुणीतरी परदेशातला चालवतो, तो पुढे पाठवतो, आणि आत पोचल्यावर नोटांचा एवढा तुटवडा की रोख हातात घ्यायला दलाल २०२५ मध्ये ३०-४० टक्के कापत होते. म्हणजे प्रामाणिक माणूस असला तरी तुमच्या हजारातले सहाशे-सातशेच. ओळखीचं कुटुंब असेल तर तुमची मर्जी, शाळेसाठी मात्र हा रस्ता नको, आणि क्रिप्टो मागणाऱ्याला तर सरळ ब्लॉक करा.

आता नाशिककरांची आवडती सवय, "मी सगळ्यांचे गोळा करतो, मला जीपे करा". हे करू नका!! कितीही चांगल्या मनाने केलं तरी. धर्मादाय कामासाठी लोकांकडून वर्गणी घ्यायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, गणपतीच्या वेळी मंडळं काढतात तीच भानगड. बरं परवानगी काढली तरी पैसे बाहेर पाठवणार कोण? परदेशी पैसे पाठवायची जी एलआरएस नावाची सवलत आहे ती फक्त व्यक्तीला, ट्रस्टला नाही, मंडळाला नाही. आणि ट्रस्टने स्वतःचं उत्पन्न भारताबाहेर खर्च केलं तर त्या रकमेवरची करमाफी जाते, सीबीडीटीची (केंद्राच्या प्रत्यक्ष कर मंडळाची) खास मंजुरी असेल तरच वाचते. मागचा ग्रुप याच चर्चेत फुटला, एक जण म्हणे माझ्या काकांचा ट्रस्ट आहे त्यातून पाठवू. काकांना कशाला अडचणीत आणायचं. परत दुसऱ्यांचे पैसे तुमच्या खात्यातून बाहेर गेले की बँक विचारणार, हे कुणाचे आणि कशाचे, तेव्हा व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट दाखवत बसणार का?

त्यापेक्षा आम्ही काय करतो, रविवारी सकाळी इंदिरानगरला एकाच्या घरी जमतो, मिसळ होते, आणि मग प्रत्येक जण आपल्या कार्डाने, आपल्या नावाने, आपल्या मोबाईलवर देतो. एकत्र बसायचं ते फक्त टेक्निकल घोळासाठी. आमच्यात एक रिटायर्ड बाई आहेत, महापालिकेच्या शाळेत होत्या, त्यांचं पेमेंट सारखं फेल. "अरे, खात्यात पैसे आहेत, मग हे नाही का म्हणतंय?" बघितलं तर बँकेच्या ॲपमध्ये कार्ड सेटिंगला आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद, लिमिट शून्य. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवीन कार्डाला हे बंदच येतं, आपण चालू करायचं असतं. ॲप उघडा, कार्ड, मग इंटरनॅशनल, तिथे फक्त ऑनलाईन चालू करा (एटीएम आणि दुकानातलं बंदच राहू दे), लिमिट पाच हजार टाका, पेमेंट झालं की परत बंद. बाईंनी ते केलं, ओटीपी आला, झालं, आणि मग त्यांनी बाकीच्यांना शिकवायला घेतलं, ते पण छडी हातात असल्यासारखं.

साईटचा पत्ता स्वतः टाईप करा, फॉरवर्ड आलेल्या लिंकवर जाऊ नका, हुबेहूब दिसणाऱ्या साईटी बनवतात लोक. उनर्वाच्या साईटवर कशासाठी ते निवडायचा पर्याय दिसला तर शिक्षण किंवा सर्वसाधारण निधी घ्या. मी सर्वसाधारणच घेतो, कारण अडलेला पगार त्यातून सुटतो, ठरावीक गोष्टीला बांधून दिलेला पैसा तिथेच अडकतो. रमजानमध्ये जुन्या नाशिकमधले मित्र जकात देतात, त्यासाठी उनर्वाचा वेगळा विभाग आहे, तो गरीब कुटुंबांना जातो, शिक्षकांच्या पगाराला जकात चालते का हे मात्र तुमच्या मौलानांनाच विचारा, माझा तो विषय नाही.

खर्चाचं सांगतो. कार्डावर साधारण साडेतीन टक्क्यांपर्यंत फॉरेन मार्कअप (परदेशी व्यवहाराची बँकेची फी) आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे दोन हजाराला ऐंशी-पंच्याऐंशी रुपये जास्त जातात. चालतंय. दर महिन्याचं ऑटो पेमेंट परदेशी साईटवर आपल्या कार्डाने बऱ्याचदा अडकतं, म्हणून मोबाईलला पगाराच्या दुसऱ्या दिवसाचं रिमाइंडर लावा आणि हाताने करा. एकदाच दहा हजार देऊन विसरण्यापेक्षा महिन्याला आठशे बरे, पगार दर महिन्याला द्यावा लागतो ना.

कुणाला लाखभर द्यायचे असतील तर मग बँकेतून वायर. ए-टू फॉर्म (परदेशी पैसे पाठवायचा बँकेचा अर्ज), पॅन, संस्थेचं नाव-पत्ता, तिच्या बँकेचा स्विफ्ट कोड, आणि उद्देशाच्या जागी देणगी, तिथे उगाच दुसरं काही लिहायचं नाही. फॉरेक्स डेस्क असलेल्या मोठ्या शाखेत जा, लहान शाखेत फॉर्म सुद्धा नसतो आणि पॅलेस्टाईन शब्द ऐकल्यावर एका ठिकाणी तर साहेबांनी मॅनेजर, मॅनेजरनी मुंबईला फोन, अख्खी दुपार गेली. ते तपासणार, तपासू द्या, वाद घालू नका, संस्थेची माहिती प्रिंट काढून न्या. व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात आणि १० लाख रुपयांच्या वर गेलात तर वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (बँक आगाऊ घेते तो कर) कापला जातो, तो रिटर्नमध्ये परत धरता येतो. आपल्यातलं कुणी तिथवर जाणार नाही म्हणा. ८०जी ची म्हणजे देणगीवरची इन्कम टॅक्सची सूट परदेशी संस्थेला दिलेल्या पैशावर मिळत नाही. आणि एखाद्या मोठ्या संस्थेची भारतातली शाखा ८०जी ची पावती देत असेल तर आधी ईमेल करून विचारा की हे पैसे भारतातच खर्च होणार का, बहुतेक वेळा उत्तर हो असतं. ते काम पण चांगलंच आहे, फक्त तुम्ही ज्यासाठी देताय ते नाही.

सोसायटीतले काका विचारणारच, "पैसे हमासला जात नाहीत ना रे?" चिडू नका, रास्त प्रश्न आहे. जे झालंय ते सगळं सांगा. उनर्वाच्या १२ कर्मचाऱ्यांवर हमासने ७ ऑक्टोबर २०२३ ला इस्रायलवर केलेल्या हल्ल्यात भाग घेतल्याचा आरोप इस्रायलने केला, नंतर आणखी नावं आली, आणि यूएनच्या चौकशीनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये नऊ जणांचा सहभाग असू शकतो म्हणून त्यांना काढलं. त्याआधी एप्रिलमध्ये फ्रान्सच्या माजी परराष्ट्रमंत्री कॅथरीन कोलोना यांचा अहवाल आला, त्यात शाळा आणि पुस्तकांसकट बऱ्याच ठिकाणी सुधारणा सुचवल्या आणि हेही म्हटलं की मोठ्या संख्येने कर्मचारी दहशतवादी संघटनांचे सदस्य आहेत या आरोपाचा पुरावा इस्रायलने दिलेला नाही. संस्थेत जवळपास तीस हजार माणसं. आपलं भारत सरकार पण वर्षाला ५० लाख डॉलर उनर्वालाच देतं, २०२४ मध्ये जुलैत निम्मे आणि नोव्हेंबरात निम्मे दिले. काका इथपर्यंत ऐकतात. तरीही कुणाचं मन होत नसेल तर युनिसेफ आहे, तात्पुरते वर्ग त्यांचेही चालतात.

ऑनलाईन शिकवायची हौस असेल तर एक सांगतो, तिथलं शिक्षण अरबीतून आहे आणि वीज-नेटचा भरवसा नाही, त्यामुळे स्वतःहून व्हिडिओ बनवून पाठवू नका. कॉलेजच्या मुलांना इंग्रजी संभाषणाचा सराव देणारे नोंदणीकृत कार्यक्रम असतात, त्यातून जा. वेळ जुळते तशी, आपण उन्हाळ्यात अडीच आणि हिवाळ्यात साडेतीन तास पुढे आहोत, आपली रात्रीची जेवणं होईपर्यंत त्यांची संध्याकाळ.

आणि जवळची मदत विसरू नका. पुण्यात पॅलेस्टिनी विद्यार्थी पूर्वीपासून शिकायला येतात, घरून पैसे यायचे बंद झाले की फी, हॉस्टेल, व्हिसाची मुदतवाढ सगळं एकदम अंगावर येतं. इथे फॉरेक्सची भानगडच नाही. फक्त पैसे विद्यार्थ्याच्या हातात न देता कॉलेजच्या खात्यात भरा आणि पावती त्याच्या नावाची घ्या, म्हणजे त्यालाही मिंधेपणा नको आणि तुम्हालाही हिशोब नको. जेवायला बोलावलंत तर मटण चालेल का असं आधी विचारा, हलाल बघतात बरेच जण.

राहिला सरकारचा विषय. भारताने गाझात अल अझहर विद्यापीठात नेहरूंच्या नावाची लायब्ररी आणि देर अल-बलाहच्या टेक्निकल कॉलेजात गांधींच्या नावाची लायब्ररी बांधून दिली होती, म्हणजे हा विषय आपल्या परराष्ट्र खात्याला नवीन नाही. नाशिकचे खासदार राजाभाऊ वाजे यांच्या कार्यालयात एक पानी पत्र द्या, मराठीत चालतं, भाषण नको, तीनच प्रश्न: यंदाचे ५० लाख डॉलर दिले का, ते वाढवणार का, आणि पॅलेस्टिनी विद्यार्थ्यांच्या आयसीसीआर शिष्यवृत्तीच्या (भारत सरकार परदेशी विद्यार्थ्यांना देतं ती) जागा किती भरल्या. हे लोकसभेत लेखी प्रश्न म्हणून विचारता येतं आणि मग मंत्रालयाला लेखी उत्तर द्यावं लागतं. अधिवेशनाच्या महिनाभर आधी द्या, प्रश्नांची नोटीस आधी जाते, आणि पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.