स्ट्रोकचा पेशंट आला की दोन्ही हातांचं बीपी घ्या (नवीन रेसिडेंट्ससाठी)

कॅज्युअल्टीत पहिल्यांदा एकटे उभे राहाल त्यांच्यासाठी लिहितोय. नागपुरात मेडिसिनच्या फर्स्ट इयरला होतो, मे महिना, उमरेडकडून एक काका आणले, डावा हातपाय पडलेला, दीड तास झालेला, प्लेन सीटीत ब्लीड नाही. साडेचार तासांच्या आत आहे म्हणजे थ्रोम्बोलिसिस (औषधानं गुठळी विरघळवणं), एवढंच माझ्या डोक्यात, वजन विचारून त्या औषधाचा, अल्टेप्लेसचा, डोस काढायला बसलो पण होतो.

बीपी 96/60, उजव्या हातात. वाटलं उन्हातून आले, पाणी कमी झालं असेल. सिनियर मॅडम म्हणाल्या, अरे स्ट्रोकमध्ये बीपी बहुतेक चढलेलं असतं, यांचं कमी का? डाव्या हातात घेतलं तर 150/80! मग त्यांनी काकूंना विचारलं, लकवा मारायच्या आधी कुठं दुखलं का? "हो ना मॅडम, पाठीत कळ आली म्हणे, मले वाटलं गॅस असन."

हे मी विचारलंच नव्हतं. काका सुस्त होते, ते स्वतःहून काय सांगणार, म्हणून घरच्यांना विचारायचंच. आणि काही जणांना अजिबात दुखत नाही, त्यामुळे दुखलं नाही म्हणाले तरी हात आखडता घेऊ नका.

सीटी अँजिओत (रक्तवाहिन्यांचा सीटी) टाइप ए डिसेक्शन, म्हणजे हृदयाजवळ फाटलेली महाधमनी, निघालं, फाटलेला पापुद्रा (फ्लॅप) थेट उजव्या कॅरोटिडमध्ये, म्हणजे मानेतून मेंदूकडं जाणाऱ्या धमनीत. महाधमनीचा आतला थर फाटतो, रक्त भिंतीत शिरून वर मेंदूकडं जाणारी वाट दाबतं. उजवी बाजू जास्त सापडते म्हणून डावा लकवा जास्त दिसतो. इथं अल्टेप्लेस गेलं असतं तर हृदयाभोवती रक्त साचून काका टेबलावरच गेले असते, अजूनही ते आठवलं की पोटात गोळा येतो. सीव्हीटीएसवाल्यांनी (हृदय-रक्तवाहिन्यांचे सर्जन) त्याच रात्री ऑपरेशनला घेतलं.

दोन्ही हातात 20 च्या वर फरक असला की थांबा (हाताकडं जाणारी सबक्लेव्हियन धमनी अरुंद असली तरी फरक येतो, पण ते नंतर बघू), दोन्हीकडची नाडी चाचपा, एऑर्टिक रिगर्जचा (महाधमनीची झडप गळण्याचा) मर्मर ऐका, सोनोचा प्रोब कॅरोटिडवर आणि हृदयावर ठेवा. एक्स-रे नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होऊ नका. हे सगळं सीटीची तयारी होईपर्यंत होतं, अल्टेप्लेसची सुई लांबत नाही. आणि अँजिओच्या फॉर्मवर नुसतं 'ब्रेन' लिहू नका, 'आर्चपासून वर' लिहा आणि टेक्निशियनला तोंडानं पण सांगा, नाहीतर मानेच्या वरूनच स्कॅन सुरू होतो.