मुलांना पाणलोट क्षेत्र कसे शिकवावे: मैदानापासून ओढ्यापर्यंत

पाणी शिकवायचे म्हटले की फळ्यावर जलचक्राची आकृती येते: समुद्र, ढग, डोंगर, नदी आणि चार बाण. आकृती बरोबरच असते, पण मुलाला त्यात स्वतःची जागा सापडत नाही. पाणलोटाचे, म्हणजे ज्या भागातले पाणी उतरत एकाच ठिकाणी येते त्या भागाचे, तसे नाही. प्रत्येक शाळा कुठल्या ना कुठल्या पाणलोटात उभी असतेच. त्यामुळे धड्याची सुरुवात एका प्रश्नाने करावी: आपल्या मैदानावर पडलेला पाऊस जातो कुठे? उत्तर सांगण्याची घाई नको. सहलीची तारीखही एवढ्यात ठरवू नका.

१. आधी मैदान

मुलांना शाळेच्या आवाराचा साधा नकाशा काढू द्या. इमारत, झाडे, फाटक, गटार एवढे पुरे. पावसाचे पाणी कसे वाहील ते प्रत्येकाने बाणांनी दाखवायचे. मग पाऊस पडेल तेव्हा, नाहीतर बादलीने पाणी ओतून, प्रत्यक्ष बघायचे आणि पाण्याची वाट खडूने आखायची. सपाट दिसणारे मैदान सपाट नसते, त्यामुळे बरेच बाण चुकतात. चुकलेला नकाशा खोडू देऊ नका, दुसरा त्याच्या शेजारीच काढा.

मग मोजमाप. सरळ कडांची, सपाट बुडाची बरणी उघड्यावर ठेवली आणि बाहेरून मोजपट्टी चिकटवली की पर्जन्यमापक तयार. रुंद बरणीत जास्त मिलिमीटर पाऊस साठेल, असे कोणीतरी म्हणणारच. समजावत बसू नका. एक रुंद आणि एक अरुंद बरणी शेजारीशेजारी ठेवा, पुढचा पाऊसच वाद मिटवेल. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी, एवढे कळले की पुढचा हिशेब मुलांचा. ६० चौरस मीटरच्या छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर ६०० लिटर!

पाणी मुरते कसे, हे दाखवायला दोन्ही बाजूंनी उघडा डबा घ्या आणि त्याच्या धारदार कडांवर चिकटपट्टी लावा. तो दोन बोटे जमिनीत रुतवून अर्धा लिटर पाणी ओता, सगळे मुरायला लागणारा वेळ लिहा. झाडाखाली, गवतात आणि खेळून खेळून टणक झालेल्या मातीवर हाच प्रयोग करा. वेळेतला फरक पाहिला की झाडे पाणी अडवतात हे वाक्य पाठ करून घ्यावे लागत नाही.

२. चुरगळलेला कागद

चित्रकलेचा जाड कागद चुरगळून अर्धवट उलगडा. उंच कडांवर, म्हणजे डोंगररांगांवर, पाण्यात विरघळणाऱ्या निळ्या स्केचपेनने रेघा ओढा. कायमच्या शाईचे पेन चालणार नाही. पातळ वहीचा कागदही नको, तो लगेच बसतो. आता फवाऱ्याच्या बाटलीने हलके पाणी मारा. निळा रंग घळींतून उतरतो, ओघळ एकमेकांना मिळतात आणि खळग्यात तळे साचते. एकाच कडेच्या दोन बाजूंना पडलेले थेंब दोन वेगळ्या तळ्यांत गेलेले दिसले, की कडेवर बोट ठेवून सांगा: हा जलविभाजक, आणि एका तळ्याकडे उतरणारा सगळा भाग म्हणजे त्याचे पाणलोट क्षेत्र. व्याख्येची खरी वेळ ही.

दुसऱ्या फेरीत उतारावर कुठेही लाल ठिपका द्या, तो कचऱ्याचा ढीग. फवारण्याआधी प्रत्येकाने अंदाज लिहायचा: लाल रंग कोणत्या तळ्यात पोचेल?

तिसरी-चौथीला एवढे भरपूर झाले. आठवीच्या पुढच्या मुलांना समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा देऊन जवळच्या ओढ्याचे पाणलोट आखायला सांगा. दरीत या रेषांचे टोक वरच्या दिशेला, ओढ्याच्या उगमाकडे वळते, ही खूण सांगितली की नकाशा वाचता येऊ लागतो.

३. जागा निवडणे

मोठे धरण किंवा जलशुद्धीकरण केंद्र दाखवणे सोपे असते, पण तिथे मुले कठड्यामागे उभी राहून माहिती ऐकतात. पहिल्या सहलीला लहानसा ओढाच बरा. पाणी मुलांच्या गुडघ्याखाली, काठ उतरायला सोपा आणि जमल्यास जवळच एखादी टेकडी, जिथून पाणलोटाचा बराच भाग एका नजरेत येतो.

शिक्षकाने आधी स्वतः जाऊन यावे. जागेची आणि पालकांची परवानगी घ्यावी, पाच-सहा मुलांमागे एक मोठे माणूस ठेवावे. पायांत घट्ट बसणारी पादत्राणे हवीत. अंगावर उघडी जखम असलेल्या मुलाने नोंदी लिहिण्याचे काम घ्यावे. वरच्या भागात पाऊस सुरू असेल तर सहल रद्द, मग इथे ऊन का असेना. पाणी अचानक गढूळ झाले किंवा काटक्या वाहून येऊ लागल्या तर सगळ्यांनी लगेच उंचावर जायचे. ही सूचना निघण्यापूर्वी मुलांकडून म्हणवून घ्या.

४. ओढ्यावर

पोचल्या पोचल्या एखाद्या पालेदार फांदीवर पारदर्शक पिशवी बांधून ठेवा. तिचे काम शेवटी.

प्रवाह मोजायला काठावर १० मीटर अंतर आखा. संत्रे पाण्यात सोडा आणि वेळ मोजा. ते बरेचसे बुडून तरंगते, म्हणून वाऱ्याने फारसे भरकटत नाही. तीन वेळा मोजून सरासरी काढा. समजा २५ सेकंद लागले, तर वेग सेकंदाला ०.४ मीटर. तळाजवळचे पाणी संथ असते, म्हणून याला ०.८५ ने गुणायचे: ०.३४. ओढा २ मीटर रुंद आणि सरासरी १५ सेंटिमीटर खोल असेल तर सेकंदाला सुमारे १०० लिटर पाणी पुढे जाते आहे.

मग दगड उलटा. पांढऱ्या ताटलीत थोडे पाणी घेऊन दगडाखालचे किडे मऊ ब्रशने त्यात सोडा. स्टोनफ्लाय नावाच्या किड्याची दोन शेपट्यांची पिल्ले सापडली तर पाण्यात भरपूर प्राणवायू आहे, असे धरायला हरकत नाही. नुसत्या लाल अळ्याच दिसल्या तर शंका घ्यावी, कारण त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असते आणि कमी प्राणवायूतही त्या तगतात. पाहून झाले की किडे पाण्यात आणि दगड होता तसा जागेवर.

गढूळ म्हणजे घाण आणि नितळ म्हणजे शुद्ध, हा समज इथेच मोडावा. जंतू आणि नायट्रेट डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे नितळ पाणीही कोणी तोंडात घ्यायचे नाही. निघताना साबणाने हात धुवा.

एका फेरीत याहून जास्त काही कोंबू नका. थोडा वेळ मुलांना मोकळे सोडा. कामाचे प्रश्न बहुधा तेव्हाच सुचतात.

५. परतल्यावर हिशेब

नद्यांना पुरेल एवढा पाऊस पडतच नाही, जमिनीखालून समुद्राचे पाणी झऱ्यांत येत असावे, असे युरोपात बरीच शतके मानले जाई. फ्रान्समध्ये पिएर पेरो यांनी सेन नदीच्या उगमाजवळचा पाणलोट घेऊन पावसाचे आणि नदीचे पाणी ताडून पाहिले आणि १६७४ मध्ये ते प्रसिद्ध केले. पाऊस नदीच्या पाण्याच्या सुमारे सहापट निघाला. हाच हिशेब वर्गाला त्यांच्या ओढ्यासाठी मांडू द्या. नकाशावर चौकटी मोजून पाणलोटाचे क्षेत्रफळ काढायचे आणि त्याला वर्षाच्या पावसाने गुणायचे. एका दिवसाच्या प्रवाहावरून वर्षाचा आकडा काढणे ढोबळच, हे मुलांना सांगा आणि ते का, हेही त्यांनाच विचारा.

उरलेले पाणी गेले कुठे? 'जमिनीत मुरले' हे उत्तर पटकन येते. बाष्पीभवन कोणाला तरी आठवते, पण झाडे सहसा विसरली जातात. तेव्हा फांदीवरची ती पिशवी बाहेर काढा. पानांनी सोडलेल्या वाफेने ती आतून ओली झालेली असते.

नोंदवहीत तारीख, वेळ, आदल्या आठवड्यातला पाऊस आणि मोजणीच्या जागेचा फोटो हवाच. पुढच्या ऋतूत त्याच जागी, तेच अंतर आखून पुन्हा मोजा. वर्ष संपले की वही पुढच्या वर्गाकडे द्या.