जॉय-कॉनची तलवार: आधी अडवायला शिका

निन्टेंडोच्या स्विच या गेम कन्सोलवरच्या ‘निन्टेंडो स्विच स्पोर्ट्स’मधला चांबारा, म्हणजे तलवारबाजीचा खेळ, पहिल्यांदा खेळणारा माणूस हमखास सपासप वार करत सुटतो. समोरचाही नवखा असेल तर तेवढ्यावर जिंकता येतं. पण ज्याला नीट अडवता येतं असा कुणी समोर आला की तेच सपासप वार अंगाशी येतात. माझ्या मते हा खेळ वार करण्यापेक्षा समोरच्याचा वार ओळखण्याचा आहे. घरात ज्यांना शिकवलं त्यांना मी आधी अडवायला लावलं, मग मारायला. इथेही तोच क्रम ठेवते.

नियम सोपे आहेत. पाण्यावर एक उंच मंच, त्यावर दोघं समोरासमोर. वार बसला की तुम्ही मागे ढकलले जाता, आणि कडेपलीकडे गेलात की थेट पाण्यात. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकेल तो विजयी. इथे ऊर्जेची पट्टी नसते. पाठीमागे जेवढी जागा उरली आहे, तेवढंच तुमचं आयुष्य.

खेळण्याआधीची दोन कामं टाळू नका. जॉय-कॉनला, म्हणजे स्विचच्या हातात धरायच्या छोट्या कंट्रोलरला, मनगटाचा पट्टा लावा आणि तो आवळून घ्या. घामेजल्या हातातून सुटलेला जॉय-कॉन टीव्हीच्या काचेवर जाऊ शकतो. दोन्ही हात पसरून एक गोल फिरा, हात कुठेही लागता कामा नये. डोक्यावरचा पंखा आणि दिवाही बघा, कारण उभा वार वरूनच सुरू होतो. दुसरं काम टीव्हीच्या सेटिंगमध्ये आहे: ‘गेम मोड’ चालू करा. चित्र सुंदर करण्यासाठी टीव्ही त्यावर जी प्रक्रिया करतो, तिच्यात वेळ जातो. बाकीच्या खेळांत तो उशीर खपून जातो. इथे तुम्ही पाहता तोवर वार बसलेला असतो, आणि खेळणारा बिचारा स्वतःच्या हाताला दोष देत राहतो.

आता हातातल्या वस्तूकडे येऊ. जॉय-कॉन जेमतेम पन्नास ग्रॅमचा, म्हणून तो मनगटाने झटकण्याचा मोह होतो. त्याच्या आत दोन संवेदक आहेत: अ‍ॅक्सेलरोमीटर वेगातला बदल मोजतो आणि जायरोस्कोप वळण मोजतो. वी या निन्टेंडोच्या जुन्या कन्सोलसोबत २००६ साली आलेल्या मूळ वी रिमोटमध्ये जायरोस्कोप नव्हता. २००९ मध्ये ‘मोशनप्लस’ची जोड मिळाली, आणि त्याच वर्षीच्या ‘वी स्पोर्ट्स रिसॉर्ट’मध्ये पडद्यावरची तलवार हाताच्या कोनाप्रमाणे फिरू लागली. जायरोस्कोपलाही मर्यादा आहे. जॉय-कॉनमधला साधारणपणे सेकंदाला २००० अंशांपर्यंतचं वळण मोजतो. त्यामुळे जीव खाऊन झटकण्यात काही मिळत नाही. उलट मनगट वार करता करता मुरडतं आणि तुमचा आडवा वार तिरपा वाचला जातो. कोपरापासून हात फिरवा. सुरुवात आणि शेवट स्पष्ट असलेला, एका रेषेतला वार खेळाला चटकन कळतो.

यातच एक गोष्ट दडलेली आहे, जी मी प्रत्येकाला बजावते: वार झाल्यावर हात सावकाश जागेवर आणा. तुम्ही तो झटक्यात मागे खेचलात तर खेळाला तोही वार वाटतो. तुम्ही न मारलेला वार हवेत जातो आणि तेवढ्यात समोरचा घुसतो.

आता अडवणं. झेडआर बटण दाबून धरलं (डाव्या जॉय-कॉनवर झेडएल) की तलवार बचावाच्या पवित्र्यात येते. वार ज्या रेषेत येतोय, तिला काटकोनात तुमची तलवार हवी. आडव्या वाराला उभी तलवार, उभ्या वाराला आडवी, आणि तिरप्या वाराला उलट बाजूची तिरपी. कोन जुळला की मारणारा क्षणभर लडखडतो. ती वेळ तुमची: बटण सोडा आणि मारा. बटण दाबलेलं असेपर्यंत वार होत नाही, म्हणून बोटाची सवय हाताच्या सवयीइतकीच महत्त्वाची आहे.

माझ्या भाच्याची तक्रार असायची, “मावशी, मी अडवेपर्यंत तो मारून मोकळा होतो गं.” त्याला मी सांगितलं, बटण वार आल्यावर दाबू नकोस. आधीच दाबून ठेव आणि मग फक्त मनगट वळव. बोट आणि हात दोघांनी एकाच क्षणी काम करायचं म्हटलं की गोंधळ होतो. एक काम आधी उरकून ठेवलं की कोनाकडे लक्ष राहतं. आणि नजर समोरच्याच्या तलवारीवर हवी. आपल्या तलवारीकडे बघायची गरज नाही, ती तुमच्या हातातच आहे.

समोरचा अडवून उभा असेल तेव्हा हेच गणित उलटं लावा. त्याची तलवार आडवी दिसली तर आडवा वार, उभी दिसली तर उभा. म्हणजे त्याच्या पात्याच्या रेषेतूनच आत जायचं. कसलेला खेळाडू मुद्दाम एक कोन दाखवतो आणि ऐनवेळी बदलतो. अशा वेळी थांबा. न मारणं हाही डाव आहे, आणि अधीर माणूस त्यालाच फसतो. पाठ कडेला टेकली असेल तर मी पहिला वार कधीच करत नाही.

कोन ओळखायचा सराव एकट्याने करायचा असेल तर ‘द लेजंड ऑफ झेल्डा: स्कायवर्ड सोर्ड’ घ्या. तो २०११ मध्ये वीवर आला आणि २०२१ मध्ये स्विचवर. त्यातली डेकू बाबा ही वनस्पती जबडा कधी आडवा उघडते, कधी उभा, आणि त्याच रेषेत कापावं लागतं. पुढे गिराहिम हा शत्रू भेटतो. तुमची तलवार जिकडे, तिकडे त्याचा हात, आणि वार तो बोटांत पकडतो. तलवार एका बाजूला धरून ठेवा, त्याचा हात तिकडे स्थिरावू द्या, मग झर्रकन दुसऱ्या बाजूने मारा. हूल द्यायला शिकण्यासाठी याहून चांगला गुरू मला माहीत नाही. खेळता खेळता तलवार हाताच्या दिशेशी जुळेनाशी झाली तर स्विचवर वाय बटणाने ती पुन्हा मध्यावर आणता येते. जायरोस्कोपची मोजणी हळूहळू सरकत जाते, त्यामुळे असं होणारच.

चांबारात तलवारी तीन प्रकारच्या आहेत. साध्या तलवारीवर हात बसला की चार्ज तलवार घ्या. ती वार अडवून भरते आणि मग एक जबर वार सोडता येतो, म्हणून अडवायला शिकलेल्याला ती फार मानवते. जोडतलवारींना दोन्ही हातांत जॉय-कॉन लागतात. त्या दिसायला देखण्या, पण दोन्ही मनगटं वेगवेगळा विचार करू लागल्याशिवाय मी कुणाच्या हाती देत नाही. आणि खांदा भरून आला की थांबा. दमलेला हात आधी कोन चुकवतो.