ऊन पृथ्वीला किती ढकलते अन् सूर्य किती ओढते: मोबाईलवर हिशोब करायची रीत

ऊन जर पृथ्वीला ढकलते तर पृथ्वी सूर्यापासून दूर काहून सरकत नाही, हा प्रश्न पोट्टे एकदा तरी विचारतातच. "गुरुत्वाकर्षण लय जास्त आहे" एवढं सांगून मोकळं होऊ नका, किती जास्त ते काढता येते. फोन आडवा धरला की बऱ्याच फोनमध्ये सायंटिफिक कॅल्क्युलेटर उघडते, तेवढं पुरे.

आधी उन्हाचा दाब काढा. वावरात सोलर पंप असेल तर पॅनलच्या मागच्या स्टिकरवर एक आकडा बघा, १००० वॅट प्रति चौरस मीटर. पॅनलची टेस्टिंग तेवढ्या उन्हात करतात, अन् ढग नसताना भर दुपारी जमिनीवर साधारण तेवढंच पोचते. वातावरणाच्या वर, अंतराळात, तोच आकडा १३६१ आहे. आता याला प्रकाशाच्या वेगाने भागा, म्हणजे सेकंदाला ३० कोटी मीटरने, कारण प्रकाशात जेवढी ऊर्जा असते तिला वेगाने भागलं की त्याचा संवेग मिळते अन् धक्का बसतो तो त्याचाच. उत्तर येते ०.०००००४५ न्यूटन प्रति चौरस मीटर. सूर्याकडे तोंड करून असलेल्या एक एकर कपाशीवर (४०४७ चौरस मीटर, इथे जमिनीवरचे १००० वॅट घ्या) सगळं मिळून दीड ग्रॅमच्याही आत वजनाएवढा जोर पडते. म्हणजे मे महिन्यात डोकं जड होते ते उष्णतेनं, दाबानं नाही.

आता पूर्ण पृथ्वी घ्या. इथेच बरेच जण घसरतात, गोलाचं सगळं क्षेत्रफळ टाकतात नाहीतर अर्धं टाकतात, दोन्ही चूक. पृथ्वी जेवढी सावली पाडते तेवढंच ऊन ती अडवते, अन् सावली गोल चकतीची असते, म्हणून पाय (३.१४) गुणिले त्रिज्येचा वर्ग. त्रिज्या ६३७१ किमी धरली की चकती १२.७५ कोटी चौरस किमी होते, पण दाबाने गुणायच्या आधी त्याचे चौरस मीटर करून घ्या (पुढे सहा शून्य). मग जोर येते ५८ कोटी न्यूटन, म्हणजे ५९ हजार टन वजनाएवढा. वणी-चंद्रपूरकडून कोळशाची मालगाडी निघते ना, चारेक हजार टनाची, तशा जवळपास पंधरा गाड्या. ऐकायला मोठं वाटते. पृथ्वी ३० टक्के प्रकाश परत फेकते म्हणून खरा आकडा थोडा वर जाईल, पण आपल्याला शून्यं मोजायची आहेत, त्यानं काही फरक पडत नाही.

मग ओढ. न्यूटनचं सूत्र पूर्ण टाकलं तरी चालते, पण मला सोपी वाट आवडते, तिच्यात सूर्याचं वस्तुमानही लागत नाही. पृथ्वी सेकंदाला ३०,००० मीटर वेगाने फिरते, अंतर १५ कोटी किमी, म्हणजे १५ वर दहा शून्य एवढे मीटर. वेगाचा वर्ग भागिले अंतर केलं की ०.००६ येते, हा सूर्याकडे वळायचा त्वरण. त्याला पृथ्वीच्या वस्तुमानाने गुणा, ६ वर २४ शून्य किलो (कॅल्क्युलेटरवर 'ईएक्सपी' किंवा 'ईई' बटन दाबून २४ टाका, शून्यं टाइप करत बसू नका). ओढ येते ३६ वर २१ शून्य न्यूटन. त्याला ५८ कोटीनं भागा: साठ लाख कोटीच्याही वर. एवढ्या पटीनं गुरुत्वाकर्षण भारी आहे.

पण खरी मजा पुढे आहे. बुधाजवळ ऊन कडक, तिथं तरी धक्का जिंकत असेल असं वाटते ना? नाही. ऊनही अंतराच्या वर्गाने कमी होते अन् ओढही, दोन्ही बरोबरीनं, म्हणून पृथ्वी उचलून बुधाजवळ ठेवा की शनीजवळ, हा पट बदलतच नाही. बदलते ते फक्त आकारानं. गोल दहापट लहान केला की चकती शंभरपट कमी होते पण वस्तुमान हजारपट कमी होते, म्हणजे पट दहावा हिस्सा उरते. तर पट एकावर यावा म्हणून ६३७१ किमीला त्या साठ लाख कोटीनं भागून पाहा, एक मिलिमीटरचा दहा हजारावा भाग येते. साधा दगड पृथ्वीपेक्षा हलका असतो, त्याच्यासाठी दुप्पट धरा. एवढ्या बारीक धुळीवर ऊन अन् ओढ बरोबरीत येतात. फक्त हे कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही लहान झाले, म्हणून इथं आपलं चकतीचं गणित ढोबळच समजा.

ही कुस्ती डोळ्यानं पाहायची असेल तर धूमकेतू पाहा. ऑक्टोबर २०२४ मध्ये, सोयाबीन निघायच्या दिवसात, त्सुचिनशान-अ‍ॅटलास संध्याकाळी पश्चिमेला दिसला होता, शेपटी सूर्याच्या उलट बाजूला. पिवळसर धुळीची शेपटी उन्हाच्या दाबानं बनते, निळसर वायूची मात्र सौरवाऱ्यानं (सूर्यातून सुटणाऱ्या कणांच्या झोतानं), दोन्ही एकात मिसळू नका. शेपटीला सूर्यच ढकलते हे केप्लरनं १६१९ मध्येच म्हटलं होतं, अन् प्रयोगशाळेत हा दाब रशियन शास्त्रज्ञ लेबेदेव्हनं १९०० च्या सुमारास मोजला. काचेच्या बल्बमध्ये काळे-पांढरे पंखे फिरतात ते खेळणं पोरांना यासाठी दाखवू नका, ते आतल्या उरलेल्या हवेमुळं फिरते, अन् दाबाच्या हिशोबानं पाहिलं तर उलटंच फिरते.

यानाला हा दाब बरोबर जाणवते. आपला इन्सॅट-१ए १९८२ मध्ये गेला तेव्हा त्याचं सोलर पॅनल एकाच बाजूला होतं, उन्हाच्या धक्क्यानं तो वळू नये म्हणून दुसऱ्या बाजूला एक शीड दिलं होतं, ते उघडलंच नाही. अँटेनाचीही अडचण झाली, अन् काही महिन्यातच उपग्रह सोडून द्यावा लागला. जपाननं २०१० मध्ये उलटं केलं, इकारोस यानाचं १४ मीटर बाजूचं शीड मुद्दाम उन्हावर चालवलं. त्याला जोर मिळाला न्यूटनच्या साधारण हजाराव्या भागाएवढा.

हिशोब जमला की नाही ते चंद्रावर तपासा: त्रिज्या १७३७ किमी, वस्तुमान ७३ वर २१ शून्य किलो, सूर्याकडे त्वरण तेच ०.००६. पट १ वर १३ शून्याच्या आसपास यायला पाहिजे. त्याच्या चौथ्या हिश्शाएवढंच आलं तर त्रिज्येच्या जागी व्यास टाकला आहे तुम्ही.