अंडाशयाचा कॅन्सर उलटल्यावर दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना

आधार कार्ड, जुनी फाइल, पैसे, डबा हे काही सांगायला नको. स्कॅनची सीडी मात्र घ्या, नुसता छापील रिपोर्ट चालत नाही.

आता मुद्द्याचं. अंडाशयाचा कॅन्सर परत आला असेल तर फाइलच्या कव्हरवर शेवटच्या कार्बोप्लॅटिनची (केमोतलं प्लॅटिनमचं औषध) तारीख लिहा. शेवटच्या केमोची नव्हे, कार्बोप्लॅटिनची. मी इथेच माती खाल्ली. आईच्या केमोच्या सहा सायकल संपल्यावर दर तीन आठवड्यांनी नुसतं बेव्हॅसिझुमॅब (गाठीचा रक्तपुरवठा रोखणारं औषध, त्यात प्लॅटिनम नसतं) चालू होतं आणि फाइलमध्ये सगळ्यात वर पान त्याचंच. डॉक्टरांनी विचारलं, "शेवटचा डोस कधी?" मी वरची तारीख वाचून मोकळी! अकरा महिन्यांचं अंतर तीन महिन्यांचं झालं आणि आईच्या कागदावर ‘प्लॅटिनम रेझिस्टंट’, म्हणजे प्लॅटिनमच्या औषधाला दाद न देणारा आजार, असं पडलं. शेवटच्या कार्बोप्लॅटिनपासून सहा महिन्यांच्या आत आजार उलटला तर ते औषध सहसा पुन्हा देत नाहीत. जितकं अंतर जास्त, तितकी ते पुन्हा लागू पडण्याची आशा जास्त. सहा महिने ही हल्ली कोणी लक्ष्मणरेषा मानत नाही, पण मोजायला सुरुवात तिथूनच. चार दिवसांनी डे-केअरच्या चार्टवर सिस्टरच्या गिचमिड अक्षरात ‘कार्बो ४५०’ आणि खाली तारीख सापडली. तोवर सगळा प्लॅन चुकीच्या आकड्यावर उभा होता.

स्लाइड (गाठीच्या तपासणीची काचपट्टी) आणि ब्लॉक. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. तो लॅबकडे अर्ज करून मागावा लागतो, आदल्या दिवशी जाऊन हाती लागत नाही. बीआरसीएचा (कॅन्सरशी संबंधित जनुकाचा) रिपोर्ट, तपासणी झालीच नसेल तर आता करायची का ते विचारा. ओलापॅरिब किंवा निरापॅरिब (केमोनंतर आजार दाबून ठेवायला देतात ती औषधं) घेतलं असेल तर कधी सुरू, कधी बंद. आणि कार्बोप्लॅटिनची तारीख लिहिलीत ना?

पहिल्या ऑपरेशनची नोट हवी, डिस्चार्ज कार्ड नव्हे. तेव्हा पोटात गाठ उरली होती का, हे तिथेच कळतं. २०२१ च्या डेस्कटॉप-३ या रुग्णांवरच्या चाचणीत निवडक बायकांना दुसऱ्या ऑपरेशनचा फायदा झाला: आधी काही उरलेलं नव्हतं, पोटात पाणी अर्ध्या लिटरपेक्षा जास्त नाही, हिंडत्याफिरत्या. २०१९ च्या जीओजी-२१३ या दुसऱ्या चाचणीत तसा फायदा दिसला नव्हता. त्यामुळे "ऑपरेशन करू या का?" असं मोघम विचारू नका, आपली आई त्या निवडीत बसते का ते विचारा.

सीए-१२५ (आजाराचा अंदाज देणारी रक्ततपासणी) चे सगळे आकडे तारखांसकट. नुसता आकडा चढला म्हणून केमोची घाई करू नका. तशी घाई करून आयुष्य वाढत नाही, हे २०१० च्या मोठ्या चाचणीत दिसलंय.

बाकी पटकन: कार्बोप्लॅटिन चालू असताना खाज, धाप लागली होती का (पुन्हा देताना रिअॅक्शनचा धोका वाढतो), तळव्यांना मुंग्या, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), बीपी-शुगरच्या गोळ्या. आईला स्वतःला काय हवंय ते घरीच विचारून घ्या, डॉक्टरांसमोर ती "तुम्ही म्हणाल तसं" एवढंच म्हणेल.

कव्हरवरची तारीख मार्करने लिहा, पेनाची पुसते.