माणूसपण बाजूला ठेवून लांडगा होताना

रोलप्ले म्हणजे अनेकांनी मिळून, प्रत्येकाने एकेक पात्र सांभाळत, लिहीत लिहीत पुढे नेलेली गोष्ट. तिचा शेवट आधी ठरलेला नसतो आणि दुसऱ्याच्या पात्राने काय करावे हे कोणी परस्पर लिहायचे नसते. असे खेळ खेळणाऱ्यांपैकी बरेच जण माणसाचे पात्र न घेता लांडगा, मांजर, घोडा किंवा ससा होतात. बाहेरच्यांना ते पोरकट वाटते. ज्यांना असा खेळ सुरू करायचा आहे त्यांनी मात्र ही आवड कशातून येते हे आधी नीट समजून घ्यावे, कारण खेळ कसा लिहावा याचे बहुतेक नियम त्यातूनच निघतात.

माणसाचे पात्र घेतले की त्याच्याबरोबर नाव, वय, शिक्षण, नोकरी आणि रंगरूप हे सगळे ओघाने येते. मराठी वाचकाला तर नुसत्या आडनावावरून पात्राचे गाव, जात आणि घरची परिस्थिती यांचे अंदाज सुचू लागतात आणि पहिले वाक्य लिहून होण्याआधीच पात्र अर्धेअधिक ठरून जाते. लांडग्याला आडनाव नसते. कॉलेजातली मुलगी आणि निवृत्तीला आलेला कारकून एकाच कळपात शेजारी शेजारी धावू शकतात आणि कोणाचे कोणावर दडपण राहत नाही. शिवाय प्राण्याच्या गरजा उघड असतात. माणसाचे दुःख पटवून द्यायला त्याचा पूर्वेतिहास लिहावा लागतो, पण कित्येक दिवस शिकार न मिळालेल्या लांडगीच्या बाबतीत तशी गरज पडत नाही. मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते तिसरे कारण: प्राण्याला जे जमत नाही, त्यातच या खेळाची खरी गंमत आहे. त्याला निरोप धाडता येत नाही, कारण सांगता येत नाही, चूक झाली तर शब्दांनी माफी मागता येत नाही. जे काही करायचे ते अंगाने करून दाखवावे लागते. म्हणून नवख्याने एकच पथ्य कसोशीने पाळावे: या मर्यादा सोयीसाठी मोडू नयेत.

पंचतंत्रातले कोल्हे आणि सिंह इथे फारसे उपयोगी पडत नाहीत, कारण ते राजनीती बोलणारी माणसेच आहेत. प्राण्याच्या मर्यादांवर उभा राहिलेला खेळ कसा असतो याचे जुने उदाहरण म्हणजे १९७६ साली अमेरिकेत निघालेला ‘बनीज अँड बरोज’. त्यात सगळे खेळाडू ससे असतात. तलवार घेऊन राक्षसाला सामोरे जाण्याची सवय असलेल्या खेळाडूला तिथे कोल्हा दिसताच पळ काढणे हेच शहाणपण आहे, हे नव्याने शिकावे लागते.

प्राणी निवडताना तो किती रुबाबदार दिसतो हे पाहू नये. त्याचे रोजचे जगणे आपल्याला किती ठाऊक आहे आणि आणखी किती जाणून घ्यायची तयारी आहे, हे पाहावे. लांडगा हा सर्वांचा लाडका, आणि नेमक्या त्याच्याच बाबतीत सर्वाधिक घोटाळा होतो. बहुतेक नव्या कळपांत एक ‘अल्फा’, म्हणजे बळावर सगळ्यांना दाबून ठेवणारा म्होरक्या, असतो आणि त्याला पाडण्यासाठी बाकीचे टपून बसलेले असतात. या कल्पनेचे मूळ बऱ्याच अंशी रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या, बंदिवासातल्या लांडग्यांच्या अभ्यासात आहे. तिचा पुढे प्रसार करणाऱ्यांपैकी एक असलेल्या डेव्हिड मेच या संशोधकानेच १९९९ साली रानातल्या लांडग्यांच्या निरीक्षणांवरून ती दुरुस्त केली. रानातला कळप म्हणजे सहसा एक कुटुंब असते. त्यात आई, बाप आणि त्यांची वेगवेगळ्या विणींतली पिल्ले असतात, आणि नेतृत्व म्हणजे आईबापांचा अधिकार. यामुळे गोष्ट मिळमिळीत होईल असे वाटणाऱ्यांनी थोडा विचार करावा. पिल्ले साधारण एक ते तीन वर्षांची झाली की एकेक करून घर सोडतात आणि जोडीदार व स्वतःचा मुलूख शोधत एकटी फिरतात. कोण केव्हा निघणार, कोणाला निघवत नाही, धाकट्या भावंडांना शिकार भरवण्यासाठी कोण मागे राहणार, या प्रश्नांत सिंहासनाच्या भांडणापेक्षा कितीतरी जास्त नाट्य आहे.

स्थळ मोघम ‘जंगल’ असे ठेवू नये. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९९५ आणि १९९६ साली कॅनडातून आणून सोडलेल्या ३१ लांडग्यांपासून पुढे वाढलेले कळप बर्फात एल्क हरणांच्या मागे धावतात. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावरचा लांडगा मात्र उन्हात, खुरट्या गवतात, काळवीट, ससे आणि मेंढपाळांच्या शेळ्यामेंढ्या यांच्या आसपास जगतो. मराठीतून खेळायचे असेल तर दुसरा पर्याय मला अधिक समृद्ध वाटतो, कारण त्या माळाचे, ओढ्याचे आणि बाभळीचे शब्द आपल्याकडे तयार आहेत आणि धनगराची चाहूल लागताच कळपाने काय करावे हा प्रश्न प्रत्येक प्रसंगात आपोआप उभा राहतो.

प्रत्यक्ष लिहिताना इंद्रियांचा क्रम बदलावा. माणूस आधी पाहतो, लांडगा आधी वास घेतो. त्यामुळे प्रसंगाची सुरुवात वाऱ्याच्या दिशेपासून करावी, मग आवाज, आणि दृश्य शेवटी. ‘बर्फावर सांडलेले लालभडक रक्त’ हे नवख्यांचे आवडते वाक्य आहे, पण श्वानकुळातल्या प्राण्यांच्या डोळ्यांना निळा आणि पिवळा हे रंगच नीट ओळखता येतात, लाल रंग त्यांना मळकट भासतो. रक्ताचा वास लिहावा. भावनाही नाव घेऊन सांगू नयेत. ‘तो घाबरला’ असे लिहिण्याऐवजी कान मागे पडले, शेपूट पोटाखाली गेली, अंग जमिनीला टेकले, असे लिहावे. पॅरिसमध्ये जाक लकॉक यांनी १९५६ साली स्थापन केलेल्या नाट्यशाळेत नटांना प्राण्यांच्या हालचाली अभ्यासायला लावतात, ते उगीच नाही. गल्लीतल्या कुत्र्यांकडे अर्धा तास लक्षपूर्वक पाहिले तरी कान, शेपूट आणि नजर यांची पुष्कळ भाषा हाती लागते.

प्राणी बोलणार की नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवावे. आपसांत शब्दांनी बोलतील पण माणसांचे बोलणे त्यांना कळणार नाही, ही तडजोड सर्वांत रुळलेली आहे. मुळीच न बोलणारा खेळ अवघड असतो, पण चार-पाच सराईत खेळाडू असतील तर तो जरूर करून पाहावा. बोलणे ठेवलेच, तर पात्रांच्या तोंडी किलोमीटर, मिनिटे किंवा ‘टेन्शन’ येऊ देऊ नये. अंतर धावेने मोजावे आणि वेळ सावलीने.

जखम आणि मृत्यू हे ज्याच्या त्याच्या पात्राच्या मालकाच्या संमतीनेच घडावेत. गटात अल्पवयीन असतील तर प्रणय आणि समागमाचे प्रसंग मुळातच वगळावेत. शिकार दर वेळी साधू नये. प्रत्यक्षातही लांडग्यांचे बरेचसे प्रयत्न फसतात, आणि ठरलेले यश दोन आठवड्यांत कंटाळवाणे होते.

एखादा खेळाडू मध्येच सोडून गेला तर त्याच्या पात्राला घाईने मारून टाकू नये. ते पात्र तरुण असेल तर ते मुलूख शोधायला निघाले असे दोन ओळींत लिहावे आणि कळपाला पुढच्या प्रसंगात त्याचा वास पुसट होत गेल्याचे जाणवू द्यावे. म्हणजे तो खेळाडू परत आला, तर त्याच्या पात्रालाही परतता येते.