डाय (पत्रा कापणारा किंवा वाकवणारा साचा) बदलण्याचा वेळ कमी केल्याने तुमच्या प्रेस शॉपला किती फायदा?

आधी बॅच पाहा. सेटिंगला, म्हणजे जुनी डाय काढून नवी लावायला, ९० मिनिटे लागतात आणि प्रत्येक नगाला १ मिनिट, असे धरू. बॅच २०० नगांची असेल तर २९० मिनिटे जातात. सेटिंग २० मिनिटांवर आणली तर २२०. म्हणजे २४ टक्के वेळ वाचला. पण ५,००० नगांच्या बॅचमध्ये तीच सुधारणा जेमतेम १.४ टक्के देते. तेव्हा एकाच पार्टवर चालणाऱ्या कारखान्याने या सुधारणेवर खर्च करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग सगळे काम त्याच प्रेसपाशी अडते का, ते तपासा. ती अर्धी शिफ्ट रिकामी असेल तर वाचलेल्या वेळाचे पैसे होत नाहीत.

कामाला लागताना सेटिंगचा व्हिडिओ काढा. मशीन चालू असतानाच होऊ शकणारी कामे वेगळी करा: पुढची डाय ट्रॉलीवर आणणे, बोल्ट-पाने मांडणे, पत्र्याची कॉइल (गुंडाळी) तयार ठेवणे. त्यानंतर पॅरलल प्लेट (डायची उंची भरून काढणाऱ्या सपाट प्लेट) लावून सगळ्या डायची शट हाइट (बंद असतानाची उंची) आणि क्लॅम्प जिथे पकडतो तिथली जाडी एकसारखी करा. इथेच बहुतेक जण अडकतात, कारण जॉबवर्कमध्ये (दुसऱ्यासाठी मजुरीवर केलेल्या कामात) डाय बहुधा ग्राहकाची असते आणि त्याच्या लेखी परवानगीशिवाय तिला हात लावता येत नाही.

सेटिंगनंतरचा पहिला नग (फर्स्ट पीस) तपासायला क्वालिटीचा माणूस वेळेवर हवाच. नाहीतर वाचलेली मिनिटे तिथेच जातात.

एकाच ग्राहकावर धंदा असेल तर त्याच्याकडून दरकपातीची मागणी येऊ शकते. वाचलेल्या तासांत दुसऱ्या ग्राहकाचे काम आधीच ठरवून ठेवा.